अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संचालक व प्रशिक्षकांचे मूल्यमापन

अमेरिकेच्या विद्यापीठांतील क्रीडा विभागाचा प्रमुख (क्रीडा संचालक) आणि निरनिराळ्या संघांचे मुख्य प्रशिक्षक यांची कामगिरी कोणत्या निकषांवर तोलावी, हा तेथील उच्च शिक्षणातील जुना वादविषय आहे. प्रशिक्षकाला सामान्यतः जय-पराजयाच्या नोंदीवरून, तर संचालकाला त्याने नेमलेल्या प्रशिक्षकांवरून आणि विभागाच्या जमाखर्चावरून जोखले जाते. २०२१नंतर खेळाडूंना उत्पन्न मिळवण्याची आणि २०२५पासून थेट विद्यापीठाकडून मोबदला घेण्याची मुभा मिळाल्यामुळे या निकषांचे अर्थ बदलले आहेत. एका व्यक्तीने केलेल्या कराराचे फळ किंवा ओझे अनेकदा तिच्या उत्तराधिकाऱ्याच्या खात्यावर पडते. त्यामुळे कोणत्याही एका वर्षाचे आकडे पाहून दिलेला निर्णय फसवा ठरू शकतो.

पदांचे स्वरूप

भारतीय महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालक आणि अमेरिकी क्रीडा संचालक यांच्या पदनामांत साम्य असले, तरी कामात फारसे नाही. मोठ्या अमेरिकी विद्यापीठातील क्रीडा संचालक वीस ते पस्तीस संघ, शेकडो कर्मचारी, प्रचंड स्टेडियम आणि काही कोटी डॉलरांचा वार्षिक व्यवहार सांभाळतो. प्रशिक्षकांची नेमणूक व बडतर्फी, देणगीदारांशी संबंध, प्रक्षेपण व प्रायोजकांचे करार आणि नियमपालन ही त्याची मुख्य कामे होत. तो विद्यापीठाच्या अध्यक्षाला उत्तरदायी असतो. प्रत्यक्षात विश्वस्त मंडळ, धनाढ्य माजी विद्यार्थी आणि सार्वजनिक विद्यापीठांच्या बाबतीत राज्याचे राजकारणीही त्याच्या कामात लक्ष घालतात. बहुतांश राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारी सार्वजनिक सेवेतील व्यक्ती म्हणजे अमेरिकन फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असते.

ही दोन्ही पदे आरंभी एकाच व्यक्तीकडे असत. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ साली अमोस अलोंझो स्टॅग यांना फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून नेमले. त्यांच्याकडे शारीरिक शिक्षण विभागाची सूत्रे आणि अध्यापकाचा दर्जाही होता. नव्या विद्यापीठाचे नाव देशभर व्हावे हा हार्पर यांचा उद्देश होता आणि तो सफल झाला. स्टॅग सत्तरीचे झाल्यावर १९३२ साली त्यांना निवृत्त करण्यात आले. पुढे १९३९ साली अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल संघच बरखास्त केला. विद्यापीठाच्या कीर्तीचे साधन म्हणून सुरू केलेला खेळ त्याच विद्यापीठाने एका पिढीत सोडून दिला. असे धैर्य नंतर फार थोड्या मोठ्या संस्थांनी दाखवले.

बदलते अर्थकारण

राष्ट्रीय नियामक संस्था असलेल्या एनसीएएची स्थापना १९०६ साली झाली. अर्धशतकानंतर, १९५६ साली, तिने क्रीडागुणांवर आधारित शिष्यवृत्तीस मान्यता दिली. खेळाडू हा नोकर नसून विद्यार्थी आहे, ही भूमिका टिकवण्यासाठी 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ करण्यात आला. संस्थेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी तो प्रचारात आणला आणि निवृत्तीनंतर आपल्याच व्यवस्थेवर कठोर टीका केली.

फुटबॉल सामन्यांच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावर १९८४ सालापर्यंत एनसीएएचे नियंत्रण होते. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या विश्वस्तांनी दाखल केलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ते मोडीत काढले. विरोधी मत नोंदवणाऱ्यांत बायरन व्हाइट हे स्वतः एकेकाळचे नामांकित फुटबॉलपटू होते. या निकालानंतर प्रक्षेपण हक्कांचा व्यवहार 'कॉन्फरन्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठ-संघांच्या हाती गेला. बिग टेन या कॉन्फरन्सने २०२२ साली केलेला सात वर्षांचा करार ७०० कोटी डॉलरांहून मोठा होता. पुरुषांच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी २०१० साली १४ वर्षांचा १,०८० कोटी डॉलरांचा करार झाला. पुढे ८८० कोटी डॉलरांच्या वाढीव कराराने त्याची मुदत २०३२पर्यंत नेण्यात आली.

हा पैसा खेळाडूला थेट देता येत नसल्यामुळे तो प्रशिक्षकांचे वेतन, साहाय्यकांची फौज आणि आलिशान सुविधा यांवर खर्च होत राहिला. चांगला खेळाडू आकर्षित करण्याचा तोच एक वैध मार्ग होता. माजी बास्केटबॉलपटू एड ओ'बॅनन यांनी २००९ साली दाखल केलेल्या खटल्याने या रचनेला पहिला मोठा तडा दिला. २१ जून २०२१ रोजी 'एनसीएए विरुद्ध ऑल्स्टन' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांत, १ जुलै २०२१पासून, खेळाडूंना आपले नाव, प्रतिमा व ओळख यांच्या वापरातून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. ही सवलत तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एनआयएल' म्हणून ओळखली जाते. देणगीदारांनी लगेच निधीगट उभारले. जाहिरातीच्या नावाखाली दिला जाणारा मोबदला अनेकदा खेळाडूला संघात आणण्यासाठी किंवा टिकवण्यासाठीच असे, हे उघड गुपित होते.

त्याच वर्षी खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलूनही लगेच खेळण्याची परवानगी मिळाली आणि २०२४मध्ये 'एकदा' ही अटही गेली. नावनोंदणीची 'ट्रान्सफर पोर्टल' ही यंत्रणा २०१८पासूनच अस्तित्वात होती. आता ती खऱ्या अर्थाने बाजारपेठ झाली.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी 'हाउस विरुद्ध एनसीएए' प्रकरणातील तडजोडीस मंजुरी दिली. तीनुसार माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई द्यायची आहे. सहभागी विद्यापीठांना २०२५-२६ या वर्षात प्रत्येकी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंमध्ये थेट वाटता येते. शिष्यवृत्तींच्या संख्येवरील मर्यादेऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. फुटबॉलसाठी ती १०५ आहे. बाहेरच्या ६०० डॉलरांवरील करारांची छाननी कॉलेज स्पोर्ट्स कमिशन या नव्या संस्थेकडे सोपवण्यात आली.

प्रशिक्षकांचे मूल्यमापन

विजयांची टक्केवारी, कॉन्फरन्स व राष्ट्रीय विजेतेपदे, परंपरागत प्रतिस्पर्ध्याविरुद्धची कामगिरी आणि नव्या खेळाडूंच्या भरतीचा दर्जा हे प्रशिक्षकाच्या मूल्यमापनाचे रूढ निकष आहेत. करारांत यांतील बहुतेकांसाठी बक्षीस-रकमाही ठरलेल्या असतात. शैक्षणिक निकष त्यांच्या जोडीला असले, तरी त्यांचे वजन क्वचितच तेवढे असते.

एनसीएएने २००३-०४पासून 'शैक्षणिक प्रगती दर' सुरू केला. खेळाडू पात्र राहिला का आणि विद्यापीठात टिकला का, यावरून प्रत्येक संघाला १,००० पैकी गुण मिळतात. ९३०च्या खाली गेलेल्या संघावर निर्बंध येऊ शकतात. कनेटिकट विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाला याच कारणाने २०१३च्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळता आले नाही. बंदीला कारणीभूत ठरलेले गुण जिम कॅलहून यांच्या कारकिर्दीतील होते, तर शिक्षा भोगली त्यांच्यानंतर आलेल्या केव्हिन ऑली यांच्या संघाने. पुढच्याच वर्षी ऑली यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१८ साली त्यांना नियमभंगाचे कारण देऊन काढण्यात आले. हा वाद लवादाकडे गेला आणि २०२२ साली विद्यापीठाला त्यांना १.१ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचा आदेश झाला.

खराब कामगिरीनंतर प्रशिक्षक बदलल्याने संघ सुधारतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. स्कॉट ॲडलर, मायकेल बेरी व डेव्हिड डोहर्टी या राज्यशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिला आधार सापडला नाही. अत्यंत दुबळ्या फुटबॉल संघांनी प्रशिक्षक बदलला तरी त्यांची पुढची वाटचाल न बदलणाऱ्या तशाच संघांसारखीच राहिली. मध्यम दर्जाच्या संघांची कामगिरी बदलानंतर उलट घसरली. तळाला गेलेला संघ पुढच्या एक-दोन हंगामांत थोडाफार वर येतोच. त्याचे श्रेय त्या वेळी पदावर असलेल्या व्यक्तीला मिळते, एवढेच. हा अभ्यास मुक्त स्थलांतराच्या आधीच्या काळातील आहे, ही मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. तेव्हा नव्या प्रशिक्षकाला संघ घडवायला तीन-चार वर्षे लागत. आता तो एका उन्हाळ्यात निम्मा संघ बदलू शकतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे इंडियाना विद्यापीठ. सर्वोच्च स्तरावरील फुटबॉलमध्ये तोवर सर्वाधिक पराभव नावावर असलेला हा संघ २०२३ साली १२ पैकी ९ सामने हरला. क्रीडा संचालक स्कॉट डॉल्सन यांनी टॉम ॲलन यांना काढून जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांना आणले. सिग्नेटी यांच्याबरोबर त्यांचे अनेक खेळाडूही आले. पहिल्याच हंगामात संघाने ११ सामने जिंकले. २०२५च्या हंगामात तो अपराजित राहिला आणि जानेवारी २०२६मध्ये मायामीला हरवून राष्ट्रीय विजेता ठरला. ॲलन यांना करारमुक्त करण्यासाठी विद्यापीठाने १.५५ कोटी डॉलर मोजले होते. ॲलन यांचे वेतन २०२१ साली डॉल्सन यांनीच वाढवले होते. म्हणजे चूक व तिची दुरुस्ती एकाच संचालकाच्या नावावर जमा आहे. विजेतेपदानंतर त्या चुकीचा उल्लेखही कोणी करत नाही.

स्पर्धेची रचना बदलली की प्रशिक्षकाची योग्यताही बदललेली दिसते. ओहायो स्टेट विद्यापीठाचे रायन डे यांचा संघ ३० नोव्हेंबर २०२४ रोजी स्वतःच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असा हरला. मिशिगनविरुद्धचा तो सलग चौथा पराभव होता आणि डे यांना काढा, अशी मागणी जोरात सुरू झाली. राष्ट्रीय बाद फेरीत तोवर चारच संघ घेतले जात. त्या वर्षी ही संख्या पहिल्यांदाच बारा झाली. क्रमवारीत सहाव्या स्थानावर असलेल्या ओहायो स्टेटला त्यामुळे प्रवेश मिळाला. २० जानेवारी २०२५ रोजी नॉत्र डेमला नमवून डे यांनी विजेतेपद पटकावले. जुना नियम असता तर तोच प्रशिक्षक, तोच संघ आणि तोच पराभव यांवरून कदाचित वेगळा निकाल लागला असता. त्या संघावर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचे विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनी सांगितले होते. साहजिकच, एवढा खर्च करूनही मिशिगनविरुद्ध हार कशी, हा प्रश्नही विचारला गेला होता.

करारमुक्तीची भरपाई

मुदतीपूर्वी काढलेल्या प्रशिक्षकाला उरलेल्या कराराची भरपाई द्यावी लागते. तिला 'बायआउट' म्हणतात. रकमेइतक्याच तिच्या अटीही महत्त्वाच्या असतात. प्रशिक्षकाने नवी नोकरी शोधावी आणि तेथील वेतन भरपाईतून वजा व्हावे, अशी अट असेल तर विद्यापीठाचा भार हलका होतो. पेन स्टेट विद्यापीठाने ऑक्टोबर २०२५मध्ये जेम्स फ्रँकलिन यांना काढले तेव्हा देणे सुमारे ४.९ कोटी डॉलर होते. पुढच्याच महिन्यात ते व्हर्जिनिया टेकमध्ये रुजू झाले आणि पेन स्टेटचे देणे तडजोडीने ९० लाखांवर आले.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या करारात अशी अट नव्हती. तेथे जिंबो फिशर यांना २०१७ साली दहा वर्षांसाठी ७.५ कोटी डॉलरांच्या हमीवर नेमण्यात आले होते. महासाथीच्या लहान हंगामात, २०२० साली, संघाने १० पैकी ९ सामने जिंकून चौथे स्थान मिळवले. त्याच उत्साहात सप्टेंबर २०२१मध्ये करार २०३१पर्यंत वाढवण्यात आला. पुढच्याच वर्षी संघ ५-७ असा घसरला. नोव्हेंबर २०२३मध्ये फिशर यांना काढण्यात आले तेव्हा भरपाई साडेसात कोटी डॉलरांहून अधिक होती. महाविद्यालयीन खेळांच्या इतिहासात एवढी मोठी रक्कम आधी कोणालाच मिळालेली नव्हती.

अशा रकमा बहुधा क्रीडा विभागाचे उत्पन्न आणि देणग्या यांतून दिल्या जातात, करदात्यांच्या पैशातून नव्हे, असे विद्यापीठे आवर्जून सांगतात. हे खरे असले तरी देणगीदाराचा डॉलर एकदाच खर्च होतो. तो खेळाडूंना मोबदला देण्याची सोय झाल्यापासून भरपाईकडे वळवलेल्या पैशाची किंमत अधिकच जाणवू लागली आहे.

क्रीडा संचालकांचे मूल्यमापन

संचालकाच्या कामाचे मोजमाप त्याहून अवघड आहे. सर्व खेळांतील एकत्रित यशासाठी १९९३-९४पासून 'डायरेक्टर्स कप' दिला जातो. भारतीय विद्यापीठांसाठीच्या मौलाना अबुल कलाम आझाद चषकाशी त्याची ढोबळ तुलना करता येईल. स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९९४-९५ ते २०१८-१९ अशी सलग पंचवीस वर्षे तो जिंकला. तरीही जुलै २०२० मध्ये याच स्टॅनफर्डने आर्थिक तुटीचे कारण देऊन ३६ पैकी ११ खेळ बंद करण्याची घोषणा केली. माजी खेळाडूंच्या विरोधानंतर मे २०२१मध्ये ती मागे घेण्यात आली. चषकाने जे यश म्हणून मोजले, तेच ताळेबंदात खर्च म्हणून दिसत होते.

व्यवहारात संचालकाची ओळख त्याने नेमलेल्या फुटबॉल प्रशिक्षकावरून ठरते. स्कॉट वुडवर्ड यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात असताना त्यांनी २०१३ साली ख्रिस पीटरसन यांना नेमले. पीटरसन यांचा संघ २०१६च्या हंगामात राष्ट्रीय बाद फेरीत पोहोचला, पण तोवर वुडवर्ड टेक्सास ए अँड एममध्ये गेले होते. तेथे त्यांनी फिशर यांना आणले आणि २०१९ साली ते आपल्या जन्मगावच्या लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) परतले. फिशर यांचा महागडा वाढीव करार त्यांचे उत्तराधिकारी रॉस ब्योर्क यांनी केला. भरपाईच्या बातम्यांत मात्र दोघांचीही नावे येत राहिली.

एलएसयूने जानेवारी २०२०मध्ये फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या संघाचे प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांना वुडवर्ड यांच्या पूर्वसुरींनी नेमले होते. वुडवर्ड यांनी त्यांचा करार वाढवला आणि दोन वर्षांच्या आत सुमारे १.७ कोटी डॉलर देऊन त्यांना निरोपही दिला. त्यानंतर नॉत्र डेमचे ब्रायन केली यांना दहा वर्षांसाठी ९.५ कोटी डॉलरांच्या करारावर आणण्यात आले. केली यांनी ३४ सामने जिंकले, १४ गमावले. हा हिशेब वाईट म्हणता येत नाही, पण विजेतेपदाच्या अपेक्षेला तो पुरा पडला नाही. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी एलएसयू स्वतःच्या मैदानावर २५-४९ असा हरला आणि दुसऱ्या दिवशी केली यांना काढण्यात आले. हरवणारा संघ होता टेक्सास ए अँड एम. फिशर यांच्या जागी बरेच कमी वेतन देऊन आणलेले माइक एल्को त्याचे प्रशिक्षक होते आणि एल्को यांची निवडही ब्योर्क यांचीच होती.

केली यांची भरपाई ५ कोटी डॉलरांहून अधिक होती. राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी पुढचा प्रशिक्षक वुडवर्ड निवडणार नाहीत, असे जाहीरपणे सांगितले. त्याच आठवड्यात वुडवर्ड यांनी पद सोडले. त्यांनीच २०२१ साली नेमलेल्या किम मल्की यांनी २०२३ साली महिला बास्केटबॉलचे, तर जे जॉनसन यांनी २०२३ व २०२५ साली बेसबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद एलएसयूला मिळवून दिले होते. तीन विजेतेपदे विरुद्ध एक फुटबॉल करार, असा हा हिशेब होता. नोव्हेंबर संपण्यापूर्वी विद्यापीठाने लेन किफिन यांना मिसिसिपी विद्यापीठातून आणले, तेही वार्षिक १ कोटी डॉलरांहून अधिक वेतनाच्या मोठ्या करारावर. भरपाईच्या धोक्याबद्दल बोलले गेलेले शब्द तेव्हा महिनाभरच जुने झाले होते.

विभागलेली जबाबदारी

खेळाडूंची निवड, मोबदला आणि करार सांभाळण्यासाठी व्यावसायिक क्लबांच्या धर्तीवर 'जनरल मॅनेजर' हे पद अनेक विद्यापीठांनी निर्माण केले आहे. बहुतेक ठिकाणी हा अधिकारी प्रशिक्षकाच्या हाताखाली असतो. स्टॅनफर्डने नोव्हेंबर २०२४मध्ये माजी व्यावसायिक फुटबॉलपटू अँड्र्यू लक यांना या पदावर नेमले ते प्रशिक्षकाच्या वर. मार्च २०२५मध्ये प्रशिक्षक ट्रॉय टेलर यांना काढण्याचा निर्णय लक यांनीच घेतला. अशा रचनेत पराभवाचे उत्तर कोणी द्यायचे, हे अजून ठरलेले नाही.

संचालकांच्या निवडीतही फरक पडला आहे. पूर्वी यशस्वी प्रशिक्षकाला निवृत्तीकडे झुकताना हे पद मिळे. विस्कॉन्सिनचे बॅरी अल्वारेझ व नेब्रास्काचे टॉम ऑस्बोर्न ही त्याची उदाहरणे. नॉत्र डेमने २०२४ साली मात्र एनबीसी स्पोर्ट्सचे प्रमुख राहिलेले पीट बेव्हाक्वा यांना सूत्रे दिली. केंटकी विद्यापीठाने तर २०२५ साली संपूर्ण क्रीडा विभागच 'चॅम्पियन्स ब्लू' नावाच्या स्वतंत्र कंपनीत हलवला.

आकड्यांच्या मर्यादा

१९९४च्या एका केंद्रीय कायद्यानुसार विद्यापीठांना क्रीडा विभागाचा जमाखर्च दरवर्षी जाहीर करावा लागतो. या अहवालांतील जमा व खर्च पुष्कळदा तंतोतंत जुळतात. याचे कारण काटेकोर कारभार नव्हे. विद्यापीठाने दिलेले अनुदान आणि विद्यार्थ्यांकडून घेतलेले क्रीडाशुल्कही जमेच्या बाजूला मांडले जाते. २०१९ या आर्थिक वर्षात स्वतःच्या कमाईतून खर्च भागवून शिल्लक दाखवणारी विद्यापीठे, एनसीएएच्या माहितीनुसार, देशभरात २५ होती. उरलेल्या ठिकाणी तूट कोणीतरी भरून काढत होते. लहान विद्यापीठांत ते बहुधा खेळाशी काहीच संबंध नसलेले विद्यार्थी असतात.

श्रीमंत विभागांचीही एका वर्षाची आकडेवारी दिशाभूल करते. ओहायो स्टेटने २०२४च्या आर्थिक वर्षात सुमारे ३.७७ कोटी डॉलर तूट नोंदवली. घरच्या मैदानावरील फुटबॉल सामन्यांची घटलेली संख्या हे त्याचे एक कारण होते, आणि ते वेळापत्रक कित्येक वर्षे आधी ठरलेले असते.

कॉन्फरन्स बदलण्याचे निर्णय तर एखाद्या संचालकाच्या कारकिर्दीपेक्षा जास्त काळ परिणाम करतात. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि यूसीएलए यांनी जून २०२२मध्ये पॅक-१२ सोडून बिग टेनमध्ये जाण्याचे ठरवले. न्यू जर्सीतील रटगर्स आणि लॉस एंजेलिसमधील यूसीएलए आता एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत. प्रक्षेपणाच्या पैशात वाढ झाली, पण व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या खेळाडूंना खंड ओलांडून प्रवास करावा लागतो. दहा सदस्य निघून गेल्यावर पॅक-१२मध्ये ओरेगॉन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठे उरली. त्यांच्या संचालकांनी काय चुकवले, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'फारसे काही नाही' असे आहे. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने उलट मार्ग धरला. एसीसी या कॉन्फरन्समध्ये प्रवेश मिळावा म्हणून नऊ वर्षांच्या प्रक्षेपण उत्पन्नावर त्याने पाणी सोडले आणि ती भर देणगीदारांकडून घेतली. पहिल्याच हंगामात, २०२४मध्ये, त्याचा फुटबॉल संघ राष्ट्रीय बाद फेरीत पोहोचला.

महिलांचे व अल्प उत्पन्नाचे खेळ

१९७२च्या 'टायटल नाइन' कायद्याने केंद्रीय निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगाधारित भेदभावाला मनाई केली. शिष्यवृत्ती व सुविधा यांबाबत त्याचे नियम स्थिर झाले आहेत, पण थेट वाटल्या जाणाऱ्या मोबदल्याला ते कसे लागू होतात हे स्पष्ट नाही. जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने हा मोबदलाही समान प्रमाणात वाटावा, अशा अर्थाचे मार्गदर्शन काढले आणि फेब्रुवारीत सरकार बदलल्यावर ते मागे घेतले. हाउस तडजोडीतील जुन्या भरपाईचा सुमारे नव्वद टक्के भाग पुरुषांच्या फुटबॉल व बास्केटबॉलकडे जातो. त्याविरुद्ध काही महिला खेळाडूंनी अपील केल्याने भरपाईचे वाटप लांबले. संचालकासाठी हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही. आज केलेली वाटणी उद्या न्यायालयात चुकीची ठरली तर तिची भरपाई त्याच्यानंतरच्या संचालकाला करावी लागेल.

खेळाडूंच्या संख्येवरील नव्या मर्यादेमुळे शिष्यवृत्तीविना खेळणाऱ्या अनेकांची जागा गेली. न्यायाधीश विल्कन यांनी अशा खेळाडूंना संरक्षण मिळेपर्यंत तडजोडीला मंजुरी रोखून धरली होती. मार्च २०२५मध्ये कॅलिफोर्नियातील कॅल पॉली विद्यापीठाने बदलत्या अर्थकारणाचे कारण देऊन जलतरण व डायव्हिंग संघ बंद केले. त्याच महिन्यात पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळला आणि काही दिवसांतच विद्यापीठाने शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत जाण्याचा निर्णय जाहीर केला.